पुठ्ठ्याचे विमान आणि संगणकावरचा आराखडा

विमानाची कागदी प्रतिकृती म्हणजे कार्डशीटवर छापलेले तुकडे कापून, वळवून आणि चिकटवून उभे केलेले, मूळ विमानाच्या ठरावीक प्रमाणातले मॉडेल. वहीचे पान दुमडून केलेले विमान हा वेगळा प्रकार. ते उडाले की झाले. पुठ्ठ्याची प्रतिकृती उडत नाही. ती मूळ विमानासारखी दिसावी लागते, आणि तेही पंखाचा कोन, नाकाचा उतार आणि शेपटीवरचा क्रमांक यांसह. प्लास्टिक साच्यात ओतता येते, लाकूड तासता येते, ॲल्युमिनियमचा पत्रा दाबयंत्राखाली थोडाफार ताणताही येतो. कागद वळतो आणि दुमडतो, पण ताणला जात नाही. कागदी विमानाच्या आरेखनातली सगळी अडचण या एका गुणधर्मातून येते. संगणक आल्यावर ती अडचण मोजणे सोपे झाले, पण ती नाहीशी झाली नाही.

हा छंद संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. फ्रान्समधील एपिनालचे छापखाने आणि जर्मनीतील एस्लिंगेनचे श्रायबर प्रकाशन एकोणिसाव्या शतकातच कापून जोडायच्या इमारतींचे आणि खेळण्यांचे रंगीत कागद विकत होते. ब्रिटनमध्ये जेफ्री हीवे यांची ‘मायक्रोमॉडेल्स’ १९४१ पासून, म्हणजे ऐन महायुद्धात निघू लागली. पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेली ही मॉडेले टंचाईच्या दिवसांत चांगली खपली. विमानांच्या प्रतिकृतींना खरी पेठ मिळाली ती मात्र पूर्व युरोपात. पोलंडमधील ‘मावी मोडेलाश’ हे मासिक १९५७ पासून निघू लागले, आणि त्यातून विमाने, जहाजे, रणगाडे यांचे आराखडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती पडले. चेकोस्लोव्हाकियात ‘आबेत्से’ या मुलांच्या नियतकालिकाने हेच काम केले. प्लास्टिकच्या किट तिथे दुर्मीळ होत्या. कागद आणि छापखाना होता. १:३३ हे कागदी विमानांचे प्रचलित प्रमाणही याच भागातून आले. प्लास्टिकच्या दुनियेत १:७२ आणि १:४८ यांचे राज्य आहे. तिथे १:३३ कुणाच्या खिजगणतीत नाही.

हे सारे आराखडे ड्रॉइंग बोर्डावर, शाईच्या पेनाने आणि कंपासने काढले जात. त्यामागची रीत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कोणत्याही जुन्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये शंकू, वृत्तचिती आणि तिरपे कापलेले सूचिस्तंभ सपाट उलगडून दाखवण्याचे एक स्वतंत्र प्रकरणच असते. पत्र्याचे नरसाळे किंवा वातानुकूलनाचा डक्ट बनवणारा कारागीर रोज तेच करतो. शाळेच्या गणितात अशा उलगडलेल्या आकृतीला घडणी म्हणतात. विमानाची कागदी प्रतिकृती ही शेवटी अशा पन्नास-शंभर घडण्यांची मांडामांड असते.

कोणत्या आकाराची घडणी होऊ शकते, याचा निवाडा भूमितीने दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. ऑयलर आणि माँज यांनी अठराव्या शतकात सपाट उलगडता येणाऱ्या पृष्ठभागांचा अभ्यास केला, आणि कार्ल फ्रिडरिश गाउसने १८२७ मध्ये त्याला पक्का आधार दिला. वक्र पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूपाशी दोन मुख्य वक्रता असतात, एक सर्वांत जास्त आणि एक सर्वांत कमी. पृष्ठभाग न ताणता कसाही वाकवला तरी त्या दोहोंचा गुणाकार बदलत नाही, असे गाउसने सिद्ध केले. सपाट कागदाचा हा गुणाकार शून्य असतो, तेव्हा वळवलेल्या कागदाचाही शून्यच असणार. म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी निदान एका दिशेने कागद सरळ राहायला हवा. नळकांडे आणि शंकू या कसोटीला उतरतात. चेंडू उतरत नाही, घोड्याचे खोगीरही नाही.

पट्टी टेकवून पाहणे ही यासाठीची सोपी परीक्षा, पण ती अर्धीच आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातले कमरेशी बारीक होणारे शीतक मनोरे सरळ रेषांनी भरलेले असतात. त्यांच्यावर पट्टी नीट टेकेल. तरीही ते कागदातून तंतोतंत साधत नाहीत. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना पृष्ठभागाला पीळ पडतो, आणि पीळ पडलेली सरळ रेषा कागदाला मानवत नाही. पंखांच्या बाबतीत हा मुद्दा पुन्हा आडवा येतो.

बाहेर फुगलेल्या आकारासाठी कागदातून पाचरी काढाव्या लागतात, जसा शिंपी पोलक्याला टक्स घालतो. खोगिरासारख्या आकारासाठी उलट कागद चिरून मध्ये जादा तुकडा घालावा लागतो. किती कागद काढायचा, याचाही हिशेब ठरलेला आहे. घनाच्या एका कोपऱ्यात तीन काटकोन एकत्र येतात. त्यांची बेरीज २७०, म्हणजे पूर्ण वर्तुळाला ९० अंश कमी. असे आठ कोपरे मिळून ७२० अंश होतात. गोलासारख्या कोणत्याही बंद बहुतलकासाठी ही बेरीज ७२० च भरते, हे देकार्तने दाखवून दिले होते. विमानालाही हा नियम लागू आहे. खोगिरी भागात कोन जास्त भरले तर तेवढीच तूट दुसरीकडे वाढते. म्हणून ती तूट टाळण्याच्या खटपटीत आरेखकाने पडू नये. ती नाकाच्या टोकाला टाकायची, जोडांवर वाटायची की कॉकपिटच्या काचेत लपवायची, एवढेच त्याच्या हाती असते. चांगला आरेखक आणि सामान्य आरेखक यांच्यात फरक दिसतो तो इथेच.

एक विमान समोर ठेवले की हे नीट कळते. मिग-२१ त्यासाठी सोयीचे आहे, आणि मराठी वाचकाला ते परकेही नाही. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो या विमानासाठीच. भारतीय हवाई दलात १९६३ पासून असलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. त्याचे धड म्हणजे किंचित निमुळते होत जाणारे नळकांडे, नाकात हवेचे तोंड, त्या तोंडात शंकू, आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी पंख. शाळेच्या पुस्तकातले घनाकार एकापुढे एक मांडावेत, इतके ते सरळ आहे. पाठीवरचा फुगवटा आणि कॉकपिटची काच एवढ्या दोन जागा सोडल्या तर कागदाला अवघड असे त्यात थोडेच आहे.

पहिले काम आकडे आणि आराखडे जमवण्याचे. मिग-२१ च्या ‘बिस’ या प्रकाराच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आहे आणि नाकावरचा लांब दांडा सोडून लांबी सुमारे १४.७ मीटर. १:३३ प्रमाणात विस्तार २१७ मिलिमीटर होतो आणि लांबी ४४५. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, तेव्हा धड एका तुकड्यात बसणार नाही हे पहिल्याच भागाकारात कळते. ते एरवीही एका तुकड्यात करायचे नसतेच. धडाचा व्यास सुमारे सव्वा मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसदतीस मिलिमीटर. त्याचा घेर ११८ मिलिमीटरच्या आसपास येतो. पंखाचा धडाबाहेरचा भाग प्रत्येकी ९० मिलिमीटर भरतो आणि दोन्ही पंख एका पानावर निवांत बसतात.

समोरून, बाजूने आणि वरून काढलेले तीन आराखडे संगणकाच्या पडद्यावर मागे ठेवून त्यांवरून रेषा ओढल्या जातात. छापील आराखड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवणे धोक्याचे असते. एकाच पानावरचे वरचे आणि बाजूचे चित्र एकमेकांशी लांबीत जुळत नाही, असे वारंवार आढळते. त्यामुळे प्रत्येक चित्र ज्ञात मापाशी स्वतंत्रपणे जुळवून घ्यावे लागते. छायाचित्रे तपशिलासाठी उपयोगी पडतात, मापासाठी नाही, कारण कॅमेऱ्याजवळचा पंख दूरच्या पंखापेक्षा मोठा दिसतो. सर्वांत मोलाचे असतात ते धडाचे आडवे छेद. नाकापासून शेपटीपर्यंत ठरावीक अंतरांवर धड कापले तर कापलेली कड कशी दिसेल, हे ते सांगतात. छेद नसतील तर फुगवटा नेमका किती हे अंदाजाने ठरवावे लागते, आणि तो अंदाज चुकलेले मॉडेल लांबूनही ओळखू येते.

आकार उभा करायला दोन प्रकारची सॉफ्टवेअर वापरतात. ‘ब्लेंडर’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकार छोट्या सपाट पृष्ठांच्या जाळीने बनतो, ते मोफत आहे आणि शिकवणारेही पुष्कळ भेटतात. ‘ऱ्हायनोसेरॉस’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो गुळगुळीत वक्ररेषांतून बनतो. या वक्ररेषांचे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले: सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी ते विकसित केले. विमानांच्या बाबतीत त्याहून जुने उदाहरण आहे. अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन कंपनीतील गणिती रॉय लाइमिंग यांनी पी-५१ मस्टँगचा बाह्याकार शांकव वक्रांच्या समीकरणांनी बांधला होता. कागदी प्रतिकृती करणारा आज माऊसने ओढतो त्या रेषा तेव्हा आकडेमोड करून मिळवाव्या लागत.

कागदी विमानासाठी मात्र गुळगुळीतपणा कामाचा नाही. धडाचे छेद जिथे पडतात तिथे कागदाचे तुकडे तोडायचे आणि दोन छेदांमधला भाग शंकुछेद किंवा त्याच्या जवळपासचा आकार मानायचा, ही सर्वमान्य रीत आहे. छेद किती घ्यायचे? त्याचे एक साधे सूत्र आहे. धडाच्या बाजूच्या रेषेची वक्रता-त्रिज्या आणि तुकड्याची लांबी ठाऊक असेल, तर लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की सरळ तुकडा खऱ्या वक्रापासून किती आत राहील ते कळते. धडाच्या मधल्या भागात त्रिज्या ४०० मिलिमीटर असेल आणि तुकडा ४० मिलिमीटरचा, तर फरक अर्धा मिलिमीटर. तो डोळ्याला खटकत नाही. नाकाशी त्रिज्या ४० वर आली की १० मिलिमीटरच्या तुकड्यानेच फरक ०.३ मिलिमीटरपर्यंत राहतो. म्हणून चांगल्या आराखड्यात नाकाकडचे तुकडे अरुंद आणि मधले रुंद असतात. सगळीकडे सारखे तुकडे पाडलेला आराखडा दिसला की समजावे, आरेखकाने विचार सॉफ्टवेअरवर सोपवला आहे.

एका शंकुछेदाची घडणी जवळून पाहावी. पुढच्या तोंडाचा व्यास ३०, मागच्याचा ३६ आणि लांबी ५० मिलिमीटर. तिरकस उंची ५०.१ येते. उलगडल्यावर हा तुकडा वर्तुळाच्या पाकळीचा भाग होतो: बाहेरची त्रिज्या सुमारे ३००, आतली २५०, आणि मधला कोन साडेएकवीस अंश. निमुळतेपणा इतका थोडा की तुकडा जवळजवळ सरळ पट्टीसारखा वाटतो. पण मोठ्या कंसाचा मध्य त्याच्या दोन टोकांपासून ५.३ मिलिमीटर बाहेर आलेला असतो. तो बाक विसरून सरळ समलंब चौकोन कापला तर नळी वळवल्यावर तोंड तिरके होते आणि पुढचा तुकडा कधीच बसत नाही. हाताने आराखडे काढणाऱ्यांचे तास या एका बाकापायी जात. आता तो एका क्लिकवर मिळतो. संगणकाने दिलेली ही सर्वांत मोठी सोय म्हणता येईल.

त्याच संगणकाचा एक सापळाही इथेच आहे. जाळीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ हे खरे वर्तुळ नसते. ते बारा, चोवीस किंवा छत्तीस बाजूंचे बहुभुज असते, आणि त्याचे कोपरे वर्तुळावर असल्याने परिमिती वर्तुळापेक्षा कमी भरते. बारा बाजूंचे नळकांडे उलगडून, घड्यांच्या रेषा पुसून, गोल वळवले की ११८ मिलिमीटरच्या घेराला १.३४ मिलिमीटर कमी पडतात. चोवीस बाजूंना ही तूट ०.३४ वर येते. बाहेरचे आवरण बहुभुजावरून आणि आतून आधार देणारी फासळी खऱ्या वर्तुळावरून घेतली की पोटाखाली फट राहते. नवख्यांच्या आराखड्यात ती हमखास दिसते, आणि दोष बिचाऱ्या कात्रीला दिला जातो.

जाळी तयार झाली की ती उलगडायची. या कामासाठी सर्वांत परिचित सॉफ्टवेअर जपानच्या तामा सॉफ्टवेअरचे ‘पेपाकुरा डिझायनर’ आहे. ब्लेंडरसाठीही अशी मोफत जोड मिळते. सॉफ्टवेअर ठरवते की कोणत्या कडा कापायच्या आणि कोणत्या घडी म्हणून ठेवायच्या. पृष्ठे जितकी, त्याहून एक कमी इतक्या घड्या राहिल्या की सगळी पृष्ठे एका तुकड्यात जोडलेली राहतात. बाकी कडा कापल्या जातात. घनाला सहा पृष्ठे आणि बारा कडा: पाच घड्या, सात काप. त्याच्या वेगवेगळ्या घडण्या ११ आहेत. बारा पंचकोनी पृष्ठांच्या घनाकृतीला त्याच ४३,३८० होतात. विमानाच्या जाळीसाठी ही संख्या मोजण्यापलीकडे जाते आणि त्यातल्या पुष्कळ घडण्या स्वतःवरच चढतात. आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ च्या आपल्या ग्रंथात बहुतलकांच्या घडण्या छापल्या. प्रत्येक बहिर्वक्र बहुतलकाची, फक्त कडांवर कापून, स्वतःवर न चढणारी घडणी असतेच का, हा प्रश्न गणितात आजही सुटलेला नाही.

विमान करणाऱ्याला त्याचे उत्तर लागत नाही, कारण स्वयंचलित उलगड्यावर विसंबून चांगले विमान होतच नाही. सॉफ्टवेअर कागद वाचवते. हाताला काय सोयीचे आणि डोळ्याला काय दिसते हे त्याला कळत नाही. संगणकीय खेळांसाठी बनवलेले, हजारो त्रिकोणांचे विमान आयते आणून उलगडले की कागदाच्या चिंधड्या पदरी पडतात. अनुभवी आरेखक धडाचा प्रत्येक शंकुछेद वेगळा उलगडतो, त्याचा उभा जोड पोटाच्या मध्यरेषेवर घेतो, कारण मॉडेल टेबलावर ठेवल्यावर पोट दिसत नाही, आणि रंग बदलतो त्या रेषेवर शक्य तिथे काप घेतो. पंखाचा पुढचा काठ घडी असतो, मागचा जोड. सॉफ्टवेअरला न सांगता हे उलटे झाले तर पंखाच्या धारेवर पांढरी चिरी उमटते.

जोडासाठी दोन पद्धती आहेत. एका तुकड्याच्या कडेला दात्यांच्या पट्ट्या ठेवून त्यांवर दुसरा तुकडा चढवणे ही जुनी, मुलांना जमणारी पद्धत. तिच्यात एका बाजूला कागदाचा एक थर जास्त होतो आणि जोडाशी पायरी दिसते. दुसरीत दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून बसतात आणि आतून वेगळी पट्टी चिकटवतात. हिला हात स्थिर लागतो, पण विमान गुळगुळीत होते. प्रौढांसाठीच्या आराखड्यात दुसरीच वापरावी.

या ठिकाणी कागदाची जाडी हिशेबात येते. १६० ते २०० ग्रॅमचे कार्ड सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असते. कागद वळवला की त्याच्या जाडीच्या मधल्या थराची लांबी तेवढीच राहते. म्हणून ३७.६ मिलिमीटर व्यासासाठी काढलेल्या नळीचा आतला व्यास ३७.४ होतो. आतून जोडपट्टी लावली की तो ३७.० वर येतो. तेव्हा फासळी ३७.६ ची काढून चालत नाही. व्यास १ मिलिमीटरने चुकला की घेराला तीन मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि तेवढी फट फेव्हिकॉलने भरत नाही. फासळ्या बाइंडिंगच्या १ मिलिमीटर पुठ्ठ्यावर चिकटवून कापतात. त्या एकमेकींत अडकवण्याच्या खाचा पुठ्ठ्याच्या जाडीएवढ्याच, केसभर सैल ठेवतात.

पंखांचे गणित वेगळे आहे. मुळापासून टोकापर्यंत छेद सारख्याच प्रमाणात लहान होत जाणारा आणि पीळ नसलेला निमुळता पंख हा शंकूचाच एक प्रकार असतो. त्याच्या सगळ्या सरळ रेषा वाढवल्या तर एका बिंदूत मिळतात. असा पंख तंतोतंत उलगडतो. मिग-२१ चा पंख याच्या फार जवळ आहे: पुढचा काठ ५७ अंश मागे झुकलेला आणि जाडी रुंदीच्या चार-पाच टक्क्यांइतकी थोडी. एका घडीत त्याचे दोन्ही पृष्ठभाग होतात आणि आत एक-दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुरतात. स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पंख याउलट. लंबवर्तुळाकार काठ, आणि मुळाशी अधिक २ अंश तर टोकाशी उणे अर्धा अंश असा पीळ. आकार तंतोतंत उलगडत नाही म्हणून आरेखक पंखाचे टोक वेगळे काढतात, पीळ थोडा सोडून देतात आणि उरलेला कागदाच्या लवचीकपणावर ढकलतात. पंख धडाला मिळतो तिथला स्पिटफायरचा खोलगट उतार तर खोगिरी वक्रतेचा नमुनाच आहे. त्याच्या अरुंद पट्ट्या करण्यावाचून इलाज नाही.

कागदासाठी मुद्दाम काढल्यासारखे एक खरे विमानही होऊन गेले. १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या अमेरिकेच्या एफ-११७ चे सारे अंग सपाट पैलूंचे होते. रडारच्या लहरी वक्र पृष्ठभागावरून कशा परततील याची आकडेमोड सत्तरच्या दशकातल्या संगणकांना झेपत नव्हती. सपाट पैलूंची झेपत होती. संगणकाची मर्यादा विमानाच्या अंगावर उमटली आणि कागदी प्रतिकृतीचे काम आयतेच झाले.

पुन्हा मिग-२१ कडे. त्याची काच आणि हवेचे तोंड यांना वेगळी युक्ती लागते. तोंडाची गोलाई दोन-तीन अरुंद शंकुछेदांनी भागवतात. आतला शंकू ही एका पाकळीची गोष्ट: पायाची त्रिज्या ९ आणि तिरकस उंची २७ असेल तर पाकळीचा कोन ३६० चा एक तृतीयांश, म्हणजे १२० अंश. कॉकपिटची काच दोन्ही दिशांनी फुगलेली असल्याने ओएचपी शीटच्या तुकड्यांवर चौकटी छापून जोडावी लागते किंवा गरम करून साच्यावर ओढावी लागते. पहिली वाट कागदाच्या धर्माला धरून आहे.

रंग आणि खुणा घडण्यांवर चढवायच्या असतात, त्रिमितीय आकारावर नव्हे, असा आग्रह जुने आरेखक धरतात, आणि तो बऱ्याच अंशी योग्य आहे. आकारावर चित्र गुंडाळून उलगडले की पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा धूसर होतात. ३०० डीपीआयला ए-फोर पान २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे असते आणि केसाएवढी रेषा त्यात फाटते. ‘इंकस्केप’ किंवा ‘कोरलड्रॉ’मध्ये रेषा गणिती असतात, कितीही मोठ्या केल्या तरी धारदार राहतात. कोरल तर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या प्रत्येक डीटीपीवाल्याच्या हातातले सॉफ्टवेअर. महाराष्ट्रात या कामासाठी लागणारे निम्मे कौशल्य गल्लोगल्ली उपलब्ध आहे. रंग कापायच्या रेषेबाहेर एक-दोन मिलिमीटर पसरून ठेवावा, म्हणजे कात्री जरा सरकली तरी पांढरी कड उघडी पडत नाही. कापलेल्या कडेला जलरंगाचा हात फिरवणे बांधणाऱ्यावर सोडावे.

पान मांडताना कागदाच्या तंतूंची दिशा पाहिली जाते. तंतूंना समांतर अक्षावर कागद सहज वळतो. आडवा वळवला तर मोडतो. ए-फोर कागदात तंतू बहुधा लांब बाजूने जातात, म्हणून नळ्यांचे अक्ष पानाच्या लांब बाजूला समांतर ठेवावेत. सॉफ्टवेअर जागा वाचवायला तुकडे वाटेल तसे फिरवते. तिथे त्याला आवरावे लागते. शिवाय कागद दमट हवेत फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. कोकणात किंवा गोव्यात जुलैमध्ये छापलेला आवरणाचा कागद आणि उन्हाळ्यात कापून ठेवलेल्या फासळ्या एकमेकांना बसल्या नाहीत, तर आराखडा निर्दोष असण्याची शक्यता आहे. सगळी पाने एकाच बैठकीत छापून एकाच दिवशी कापायला घ्यावीत ती यासाठी. इंकजेटची शाई ओल्या बोटाला येते, लेझरची घडीवर तडकते. दोन्हींवर पारदर्शक स्प्रेचा पातळ थर देतात.

रंग चढवण्याआधी साध्या पांढऱ्या कार्डावर एक कोरी प्रतिकृती बांधून पाहणे हा आरेखनाचाच टप्पा आहे. पडद्यावर सगळे तुकडे शून्य जाडीचे असतात, गोंद ओला नसतो आणि बोटे कुठेही पोहोचतात. प्रत्यक्षात शेवटचा शंकुछेद बसवताना आतून दाबायला जागा नसते. मग जोडणीचा क्रम बदलावा लागतो, किंवा एखादा जोड शेपटीकडे सरकवावा लागतो. कोऱ्या प्रतिकृतीवर पेन्सिलीने केलेल्या खुणा परत संगणकात जातात आणि आराखडा सुधारतो. हा टप्पा गाळून प्रसिद्ध केलेले आराखडे विकतसुद्धा मिळतात. ते घेऊ नयेत.

उरतो तो छपाईचा भाग. अमेरिकेतला लेटर कागद २७९.४ मिलिमीटर लांब असतो. ए-फोरचा आराखडा त्यावर ‘फिट’ करून छापला की तो ९४ टक्क्यांवर येतो, १:३३ चे विमान १:३५ चे होते, आणि १ मिलिमीटर पुठ्ठ्यासाठी काढलेल्या खाचेत तो पुठ्ठा शिरत नाही. कागद ए-फोरच असला तरी प्रिंटर समास राखण्यासाठी पान गुपचूप लहान करतो. यासाठी आरेखकाने प्रत्येक पानावर १०० मिलिमीटरची एक रेघ आडवी आणि एक उभी छापावी. बांधणाऱ्याने ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडून पान काढावे, दोन्ही रेघा पोलादी पट्टीने मोजाव्यात आणि त्या जुळल्यावरच कात्री हातात घ्यावी.